झाकावे, पुसू नये : प्रस्तावना

या पुस्तकाचा विषय मुद्दाम अरुंद ठेवला आहे. फोटोशॉप, गिंप, क्रिटा अशा चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शेकडो हत्यारे असतात. त्यांतली दोनच इथे घेतली आहेत, लेयर आणि क्लिपिंग मास्क. लेयर म्हणजे चित्राचा एक सुटा थर. वरच्या थरातले किती दिसावे हे खालच्या थराच्या आकारावर सोपवायचे, ही सोय म्हणजे क्लिपिंग मास्क. एवढ्यासाठी अख्खे पुस्तक कशाला, असे कुणीही विचारील. माझे उत्तर असे, की ही दोन हत्यारे ज्याला मुळापासून कळली त्याला बाकीची आपली आपण शिकता येतात. ज्याला ती कळली नाहीत तो वर्षानुवर्षे फोटोशॉपवर बसूनही प्रत्येक दुरुस्तीला पहिल्यापासून काम करत राहतो.

आपल्याकडे हे काम बहुतेक जण शेजारच्या पडद्याकडे बघून शिकतात. छापखान्यात, फ्लेक्सच्या दुकानात, लग्नाचे अल्बम करणाऱ्या स्टुडिओत नवा मुलगा येतो, जुन्या ऑपरेटरने कुठल्या कळा दाबल्या ते बघतो आणि थोड्याच दिवसांत कामाला लागतो. या शिकण्याला मी कमी लेखत नाही. त्याने हात लवकर बसतो. मात्र शेजारून कळा दिसतात, त्यामागचा विचार दिसत नाही. मग नको तो भाग इरेजरने पुसणे, सगळे थर एकत्र करून एकच जेपेग ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाने ‘मागचे आकाश बदला’ म्हटले की सगळे पुन्हा करणे, हीच कामाची रीत होऊन बसते. हे पुस्तक त्या रीतीच्या विरोधात लिहिले आहे. पुसलेले परत येत नाही, झाकलेले हवे तेव्हा उघडता येते. पुढच्या सगळ्या प्रकरणांमागे एवढाच विचार आहे.

हा विचार संगणकाच्या फार आधीचा आहे. इंग्लंडमध्ये ऑस्कर रेयलँडर यांनी १८५७ साली तीसहून अधिक काचेच्या निगेटिव्ह एकाच मोठ्या चित्रात उतरवल्या. एका निगेटिव्हचा हवा तो भाग कागदावर छापायचा, तोवर बाकीचा कागद झाकून ठेवायचा, मग पुढची निगेटिव्ह. पुढल्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी मरणपंथाला लागलेल्या मुलीचे गाजलेले छायाचित्र पाच निगेटिव्हमधून जुळवले. या माणसांनी जे तासन्‌तास उभे राहून केले तेच आज आपण लेयर आणि मास्क वापरून करतो. फरक एवढाच, की त्यांचा एक हात चुकला तर सगळा कागद वाया जाई.

महाराष्ट्राचेही या वंशावळीशी नाते आहे. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घराघरांत लागल्या. त्या एकाच दगडावरून छापल्या जात नसत. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, प्रत्येक दगडावर चित्राचा फक्त तेवढ्याच रंगाचा भाग, आणि कागद एकामागून एक सगळ्या दगडांवर छापायचा. एखादा दगड केसभर सरकला तरी देवीच्या ओठांचा रंग ओठांबाहेर जाणार. दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्याआधी याच छापखान्यासाठी फोटोलिथोचे काम करत होते. त्यांच्या पौराणिक चित्रपटांतले चमत्कार दुहेरी चित्रणाच्या आणि तशाच इतर युक्त्यांतून उभे राहिले. थरांत विचार करण्याची सवय त्यांना छापखान्यात लागली असावी, असे मला वाटते. याला कागदोपत्री पुरावा मागू नये. हा माझा तर्क आहे. मात्र एक चित्र अनेक थरांत फोडून पाहणारे डोळे रंगीत छपाईच्या कामात आपोआप तयार होतात, हे त्या धंद्यातला कुणीही सांगेल.

अमेरिकेत १९१४ च्या सुमारास अर्ल हर्ड यांनी पारदर्शक सेल्युलॉइडवर पात्रे काढून ती एकाच स्थिर पार्श्वभूमीवर ठेवण्याची पद्धत काढली. पात्र हलले तरी डोंगर आणि झाडे पुन्हा काढावी लागेनात. सगळा व्यंगचित्रपटाचा उद्योग पुढे कित्येक दशके या एका सोयीवर चालला. आजच्या लेयरशी सर्वांत जवळचे रूप हेच आहे. जिथे चित्र नाही तिथे काच, आणि काचेतून खालचे दिसते.

संगणकाला ही काच समजावून देणे सोपे नव्हते. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, तांबडा, हिरवा आणि निळा या तीन आकड्यांनी सांगता येतो. पण ‘इथे काहीच नाही’ हे या तीन आकड्यांत सांगता येत नाही. काळा हाही रंगच आणि पांढरा हाही रंगच. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काम करणाऱ्या अ‍ॅल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस चौथा आकडा जोडला आणि त्याला अल्फा म्हटले. अल्फा शून्य असेल तर ठिपका पूर्ण पारदर्शक, शंभर टक्के असेल तर पूर्ण भरीव, आणि मधल्या आकड्यांत केसांच्या कडा, धूर, काच, सावली. त्यानंतर १९८४ साली लुकासफिल्ममधले थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एका निबंधात असे दोन थर एकमेकांशी कोणकोणत्या प्रकारे जुळू शकतात याचे गणित मांडले. या चौघांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीने पुढे तांत्रिक पारितोषिक दिले.

त्या निबंधापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण आपला क्लिपिंग मास्क त्यातच आहे. पोर्टर आणि डफ यांच्या मांडणीतला एक प्रकार असा, की वरचा थर खालच्यावर ठेवायचा, पण फक्त खालचा थर जिथे आहे तिथेच. अंतिम चित्राचा अल्फा खालच्या थराचाच राहतो. वरचा थर आत कितीही रंग भरो, कडेबाहेर तो एक ठिपकाही वाढवू शकत नाही. खालच्या थराच्या कडेला एखाद्या ठिपक्याचा अल्फा साठ टक्के असेल, तर वर ठेवलेले भरीव छायाचित्रही तिथे साठ टक्केच उमटते. त्यामुळे खालची कड मऊ असेल तर वरचे छायाचित्रही मऊ कडेने संपते. मेन्यूतला शब्द कुठल्याही कंपनीचा असो, आत हेच चालते. हे गणित लक्षात ठेवले की पुढच्या निम्म्या शंका उद्भवतच नाहीत.

थॉमस नॉल मिशिगन विद्यापीठात संशोधन करत असताना १९८७ साली त्यांनी जो छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला, त्याचेच भाऊ जॉन यांच्या सोबतीने फोटोशॉप झाले. १९९० साली त्याची पहिली आवृत्ती मॅकिंटॉशसाठी आली, तीत लेयर नव्हते. ज्यांनी त्या काळात काम केले त्यांना एक चित्र दुसऱ्यावर चिकटवले की ते कायमचे चिकटले, ही धास्ती माहीत आहे. लेयर १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. रंग आणि उजेड बदलणारे अ‍ॅडजस्टमेंट लेयर १९९६ च्या चौथ्या आवृत्तीत, आणि २००५ साली मूळ चित्र आत शाबूत ठेवणारे स्मार्ट ऑब्जेक्ट. या सगळ्या सुधारणांचे धोरण एकच दिसते. निर्णय पुढे ढकलता यावा आणि घेतलेला निर्णय फिरवता यावा.

आता प्रत्यक्ष वापराकडे. क्लिपिंग मास्क करणे, म्हणजे वरचा थर खालच्याला बांधणे, हे क्षणाचे काम आहे. लेयरच्या यादीत दोन थरांच्या मधल्या रेषेवर ऑल्ट दाबून क्लिक करायचे, किंवा वरचा थर निवडून कंट्रोल, ऑल्ट आणि जी या कळा एकत्र दाबायच्या. वरच्या थराचे छोटे चित्र किंचित उजवीकडे सरकते, त्याच्याशेजारी खाली वळलेला बाण येतो आणि खालच्या, म्हणजे पायाच्या थराच्या नावाखाली रेघ दिसते. एका पायावर कितीही थर बांधता येतात, अट एवढीच की ते सलग असले पाहिजेत. मध्ये परका थर घुसला की साखळी तुटते. पायाची ओपॅसिटी, म्हणजे भरीवपणा, कमी केला की बांधलेले सगळे थर सोबत फिके होतात, आणि पायाचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्यात मिसळण्याची रीत, बदलला की सगळा गट खालच्या चित्रात त्याच रीतीने मिसळतो. नवशिक्याला हा गोंधळ वाटतो, पण पाया आकार देतो आणि वरचे थर त्यात भरण घालतात, हे ध्यानात आले की सगळे सरळ होते.

आता मराठी वाचकाला जवळचे उदाहरण घेतो. ‘पाऊस’ हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून त्यात ढगांचे छायाचित्र भरायचे आहे. अक्षरांचा थर खाली, छायाचित्र वर, आणि दोन्ही बांधले. रोमन अक्षरांत हे करताना प्रत्येक अक्षर सुटे असते आणि छायाचित्राचे तुकडे तुकडे होतात. देवनागरीत शिरोरेखेमुळे चित्राचा एक सलग पट्टा मिळतो. छायाचित्रातला सर्वांत बोलका भाग, क्षितिज किंवा ढगांची कड, त्या पट्ट्यावर आणला तर शब्द आणि चित्र एक होतात. उलट वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार रेषेच्या वर जातात, उकार खाली उतरतो. म्हणून छायाचित्र अक्षरांच्या धडापेक्षा बरेच उंच हवे, नाहीतर वेलांटीचा शेंडा उघडा पडतो. बारीक टंकात चित्र मावत नाही. जाड टंक घ्यावा. मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘बलू’ अशा कामाला चांगला आहे आणि तो सर्वांना मोफत वापरता येतो. फार जाड टंक घेतला तर ‘क’, ‘भ’, ‘ळ’ यांच्या आतल्या मोकळ्या जागा बुजतात, तेव्हा अक्षर ओळखू येते की नाही ते दुरून पाहूनच ठरवावे.

इथे एक अडचण सांगून ठेवतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिप्यांची सोय ‘प्रेफरन्सेस’च्या खिडकीत जाऊन चालू करावी लागे, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडे आणि जोडाक्षरांचा पाय मोडे. गिंपमध्ये हा त्रास होत नाही. पुष्कळ जण या अडचणीवर उपाय म्हणून शब्दाचे चित्र करून टाकतात. माझा आग्रह असा, की अक्षरे शेवटपर्यंत अक्षरेच ठेवावीत. छपाईच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी ‘ऊ’ दीर्घ आहे की ऱ्हस्व असे विचारतेच. अक्षरांचा थर जिवंत असेल तर शब्द दुरुस्त करताच छायाचित्र नव्या अक्षरांत आपोआप बसते. मराठी शुद्धलेखनाची काळजी असणाऱ्याने एवढ्या कारणासाठी तरी क्लिपिंग मास्क शिकावा.

क्लिपिंग मास्कचा खरा रोजचा उपयोग मात्र याहून साधा आहे आणि त्यावर या पुस्तकाची सर्वांत मोठी तीन प्रकरणे आहेत. अ‍ॅडजस्टमेंट लेयर स्वभावतः आपल्या खालचे सगळेच बदलतो. मंडपातल्या पिवळ्या उजेडात काढलेली नवरीची आकृती तुम्ही वेगळी करून दुसऱ्या पार्श्वभूमीवर ठेवली आहे आणि तिचा पिवळेपणा काढायचा आहे. कर्व्ह्‌ज नावाचा असा लेयर नुसता वर ठेवला तर पार्श्वभूमीही निळसर होईल. तो नवरीच्या थराला बांधला की फक्त तिचा चेहरा आणि पैठणी ताळ्यावर येतात. केसांच्या कडेला जुन्या हिरवळीची हिरवी झाक उरली असेल, तर वर एक रिकामा थर बांधायचा, त्याचा ब्लेंड मोड कलर ठेवायचा आणि केसांचाच रंग घेऊन मऊ ब्रशने कडेवरून फिरवायचा. झाक जाते, केसांचे तंतू तसेच राहतात आणि मूळ छायाचित्राच्या एकाही ठिपक्याला हात लागत नाही. मुलांच्या पुस्तकांची चित्रे काढणारेही हीच युक्ती वापरतात. पात्राचा सपाट रंग पायाला, त्यावर मल्टिप्लाय या ब्लेंड मोडमध्ये सावलीचा थर, त्यावर उजेडाचा. ब्रश कितीही सैल फिरवला तरी रंग रेषेबाहेर जात नाही, त्यामुळे हाताला मोकळेपणा येतो. त्या मोकळेपणाने चित्रात जी जान येते ती काटेकोर सिलेक्शन करून येत नाही.

लेयर मास्क आणि क्लिपिंग मास्क यांतला फरक विद्यार्थ्यांना सर्वांत उशिरा उमगतो. लेयर मास्क हे एकाच थराला जोडलेले करड्या छटांचे चित्र असते. पांढरे तिथे दिसते, काळे तिथे झाकले जाते, मधल्या करड्यात अर्धवट. क्लिपिंग मास्कला असे वेगळे चित्र लागत नाही, शेजारच्या थराची पारदर्शकताच तो वापरतो. पहिला हाताने रंगवायचा, दुसरा नात्याने मिळतो. दोन्ही एकत्र वापरता येतात, आणि जाणते लोक बहुतेक वेळा तसेच करतात. फोटोशॉपमधल्या बॅकग्राउंड नावाच्या कुलूपबंद थराला पारदर्शकता नसते, त्यामुळे त्याला काहीही बांधले तरी फरक दिसत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येकांना आपले सॉफ्टवेअरच बिघडले असे वाटते.

प्रणाली बदलली की थोडी उलथापालथ होते. इलस्ट्रेटरमध्ये आकार देणारी वस्तू वर असते आणि चित्र खाली, म्हणजे फोटोशॉपच्या बरोबर उलट. आपल्याकडच्या छपाईच्या दुकानांत कोरल ड्रॉ घट्ट रुजले आहे आणि तिथले पॉवरक्लिप सगळ्यांच्या हाताला सरावाचे आहे. तोही याच कुळातला प्रकार, फक्त तिथे चित्र आकाराच्या पोटात ठेवले जाते. क्रिटामध्ये थर एका गटात घेऊन वरच्या थराला इनहेरिट अल्फा लावायचा. गिंपमध्ये २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून गटातल्या थराचा कंपोझिट मोड बदलून तोच परिणाम मिळतो. फोटोपी ब्राउझरमध्येच चालते, त्याला पैसे लागत नाहीत आणि त्यातला क्लिपिंग मास्क फोटोशॉपसारखाच आहे. महागडे सॉफ्टवेअर नाही म्हणून हा विषय शिकता येत नाही, अशी स्थिती आता उरलेली नाही. तालुक्याच्या गावात साध्या संगणकावर बसलेल्या मुलीलाही हे पुस्तक पूर्ण करता यावे, म्हणून प्रत्येक सराव फोटोपीत करून पाहिला आहे.

थर जपायचे तर फाइल जपली पाहिजे. जेपेगमध्ये थरही राहत नाहीत आणि पारदर्शकताही राहत नाही. पीएनजीत पारदर्शकता राहते, थर नाहीत. पीएसडी आणि टिफमध्ये दोन्ही राहते. पीएसडीची मर्यादा दोन गिगाबाइट आणि एका बाजूला ३०,००० पिक्सेल आहे; मोठ्या फलकाच्या कामात ती ओलांडली तर पीएसबी वापरावे. थरांना नावे द्यावीत. ‘लेयर ४७ कॉपी २’ हे नाव चार महिन्यांनी तुम्हालाच काही सांगणार नाही.

प्रामाणिकपणाचा प्रश्न या विषयाला चिकटलेला आहे आणि तो टाळणे बरे नाही. नॅशनल जिओग्राफिकच्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत मावावेत म्हणून संगणकावर एकमेकांजवळ सरकवले गेले आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. फोटोशॉप तेव्हा जन्मलेही नव्हते. त्यामुळे दोष हत्याराला देण्यात अर्थ नाही. बातमीच्या छायाचित्रातली वस्तू हलवू नये, आणि जाहिरातीत, मुखपृष्ठावर, कथाचित्रात हवे ते जुळवावे, अशी माझी स्वच्छ भूमिका आहे. शिवाय थर न मोडता केलेले काम स्वतःच साक्ष देते. मूळ छायाचित्र तळाशी शाबूत असते, वर काय झाकले आणि काय बदलले हे कुणालाही यादीत एकेका थराशेजारचे डोळ्याचे चिन्ह बंद-चालू करून पाहता येते. फोटोशॉपमध्ये २०२३ साली आलेले कृत्रिम बुद्धिमत्तेचे भरणही आपले चित्र नव्या थरावर, मास्क लावूनच देते. यंत्राने काय जोडले हे त्यामुळे वेगळे काढता येते. तो थर खालच्यात विरघळवून टाकला की ही साक्ष गेली. जुन्या कौटुंबिक छायाचित्रांची दुरुस्ती करणाऱ्यांना माझे विशेष सांगणे आहे. आजीच्या फाटक्या फोटोवर तुम्ही जे रंगवाल ते तुमचे असते. खालचा डाग, चीर, पुसट चेहरा हे तिचे असते. दोन्ही वेगळ्या थरांवर ठेवा आणि दोन्ही त्या घराला द्या.

पुस्तकाचा क्रम सोप्याकडून कठिणाकडे आहे, पण ज्यांना रोजचे काम आहे त्यांनी सरळ चौथ्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. पुस्तक नुसते वाचून हात बसणार नाही. संगणक समोर चालू ठेवून, स्वतःचे एखादे छायाचित्र घेऊन, एकेक पायरी करत पुढे जावे. सुरुवात करण्याआधी त्या छायाचित्राची मूळ प्रत वेगळ्या जागी ठेवावी, आणि हे पुस्तक संपेपर्यंत इरेजरला हात लावू नये, एवढीच वाचकांना विनंती आहे.